मोटारीचा उत्प्रेरकी परिवर्तक : घरच्या अंगणातील एक दुरुस्ती

चामराजपुरम ही म्हैसूर शहरातील जुन्या वस्त्यांपैकी एक वस्ती होय. नंजनगूड व चामराजनगर या गावांकडे जाणाऱ्या लोहमार्गावर याच नावाचे एक लहानसे स्थानकही आहे. या वस्तीतील एखाद्या घरापुढे, आंब्याच्या सावलीत, दहा-बारा वर्षे वापरलेली पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी उभी आहे, अशी कल्पना वाचकांनी करावी. गाडी रोज सुरू होते, धावते, ब्रेकही नीट लागतात. परंतु चालकासमोरील फलकावर एंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा गेले कित्येक दिवस विझलेला नाही. गॅरेजातील मिस्त्री आपले छोटे वाचनयंत्र गाडीला जोडतो आणि त्यावर 'पी ०४२०' अशी अक्षरे उमटतात. 'कन्व्हर्टर गेला, नवा घालावा लागेल,' असे तो सांगतो. किंमत ऐकून मालक गप्प होतो. मग मिस्त्री आवाज जरा खाली आणून दुसरा उपाय सुचवितो : आतला जाळीदार गाभा सळईने फोडून काढावा आणि रिकामे डबडे पुन्हा जागेवर बसवावे, गाडी उलट अधिक मोकळी पळेल.

या मालकापुढे तीन वाटा आहेत. पैसे मोजावेत, गाभा फोडावा, किंवा हाती पाना घेऊन नवा परिवर्तक स्वतःच बसवावा. तिसरी वाट हौशी माणसाला मोह घालणारी आहे, आणि ती अशक्यही नाही. मात्र त्या डबड्यात काय चालते हे ठाऊक नसताना पाना हाती घेतला, तर पैसा वाया जाण्याची शक्यता बरीच असते. आणि गाडीखाली शिरण्याची योग्य रीत ठाऊक नसेल, तर जिवावर बेतण्याचीही.

डब्यातील कारभार

पेट्रोल म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे. ती पुरतेपणी जळाली, तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एवढेच उरावे. पण सिलिंडरात एका ज्वलनाला मिळणारा अवधी सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही थोडा असतो. एवढ्या घाईत सगळे काम पूर्ण होत नाही. काही इंधन अर्धवट जळून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, काही मुळीच न जळता हायड्रोकार्बनांच्या रूपाने बाहेर पडते, आणि ज्वलनाच्या प्रखर उष्णतेत हवेतील नायट्रोजनचा प्राणवायूशी संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. बंद खोलीत एंजिन चालू ठेवून झोपलेला माणूस उठत नाही, त्याचे कारण हेच. उरलेल्या दोघांचे उपद्रव सावकाश जाणवतात. सूर्यप्रकाशात त्यांचा एकमेकांशी संयोग होऊन ओझोन व डोळ्यांना झोंबणारे धुके निर्माण होते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या धुक्याचे मूळ मोटारींच्या व तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या धुरात आहे, हे आरी हागन-श्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिले. शास्त्रज्ञांचे लक्ष मोटारीच्या धुराकडे खऱ्या अर्थाने वळले ते तेव्हापासून.

या धुराचे शमन करण्यासाठी ज्या गुणाचा उपयोग केला गेला, तो मात्र फार पूर्वीपासून ठाऊक होता. कोळशाचा वायू व हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार धरली, तर ज्योत नसतानाही ती तांबडी होऊन प्रकाशत राहते, असे हंफ्री डेव्ही यास १८१७ मध्ये दिसून आले. पुढे १८२३ मध्ये येना येथील डोबेरायनर याने स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनची धार सोडून ती आपोआप पेटते हे दाखविले, आणि त्यावर दिवा पेटविण्याचे एक यंत्रच बनविले. स्वतः न झिजता, न बदलता दुसऱ्या पदार्थांमधील क्रिया घडवून आणण्याच्या या गुणास बर्झेलियस याने १८३५ मध्ये जे नाव दिले, त्यालाच आपण मराठीत उत्प्रेरण म्हणतो. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ दोन्ही घरे फिरतो, बोलणी घडवितो आणि स्वतः होता तसाच राहतो. उत्प्रेरकाचे वर्तन काहीसे तसेच असते. मध्यस्थाला दक्षिणा तरी मिळते, प्लॅटिनमला तीही नाही.

मोटारीच्या धुरासाठी उत्प्रेरक वापरण्याचा मोठा प्रयत्न केला तो यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने. जड तेलापासून पेट्रोल काढण्याच्या उत्प्रेरकी पद्धतीमुळे त्याचे नाव आधीच सर्वत्र झाले होते. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९५०च्या दशकात त्याने मोटारींसाठी परिवर्तक तयार केला आणि त्याचे पेटंटही मिळविले. त्याचा शोध मात्र त्याच्या हयातीत मोटारींवर सर्रास चढला नाही. १९६२ मध्ये तो निवर्तला. आड आले होते ते पेट्रोलमधील शिसे. एंजिनात होणारी ठकठक थांबावी म्हणून १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले जात होते. ज्वलनानंतर त्या शिशाचा थर उत्प्रेरकावर बसे आणि थोड्याच दिवसांत तो निकामी होई. तंत्रज्ञ याला उत्प्रेरकाची विषबाधा म्हणतात, आणि तो शब्द अगदी यथार्थ आहे.

अमेरिकेत १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला, आणि १९७५च्या मोटारी परिवर्तकासह बाजारात आल्या. त्यासाठी शिसेरहित पेट्रोल उपलब्ध करावेच लागले. परिवर्तकाला आज जे रूप आहे, ते अनेकांच्या परिश्रमाचे फळ होय. कॉर्निंग या काच-कारखान्यातील बॅग्ली, लॅकमन व लुइस यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा, एका चौरस इंचात शेकडो उभ्या छिद्रांचा सिरॅमिकचा ठोकळा घडविण्याची रीत शोधली. आणि एंगलहार्ड कंपनीतील जॉन मूनी व कार्ल कीथ यांनी एकाच ठोकळ्यात तिन्ही विषारी घटकांचा निकाल लावणारा उत्प्रेरक सिद्ध केला.

हे तिसरे काम दिसते तितके सोपे नव्हते. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांना निरुपद्रवी करावयाचे तर त्यांना प्राणवायू द्यावा लागतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना निरुपद्रवी करावयाचे तर त्यांच्यापासून प्राणवायू काढून घ्यावा लागतो. एकाच डब्यात देणे आणि घेणे दोन्ही साधावयाची. एंजिनात जाणाऱ्या हवेचे वजन पेट्रोलच्या सुमारे १४.७ पट असेल, तरच हे जमते. त्याहून हवा थोडी अधिक झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच निसटतात; थोडी कमी झाली की कार्बन मोनॉक्साइड निसटतो. हे प्रमाण सतत राखण्यासाठी धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा एक संवेदक बसवितात, आणि त्याच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोलची फवारणी क्षणोक्षणी कमी-जास्त करतो. तरीही प्रमाण थोडे इकडे-तिकडे झुलतच राहते. म्हणून ठोकळ्यावरील लेपात सिरियम ऑक्साइड घालतात. शेतकरी सुगीत कणगी भरतो आणि तंगीत तिच्यातले धान्य काढतो, त्याप्रमाणे हा पदार्थ हवा अधिक असता प्राणवायू साठवितो आणि कमी असता सोडतो. ही कणगीची उपमा वाचकांनी ध्यानात ठेवावी. पिवळ्या दिव्याचे कोडे पुढे तिच्यावरूनच उलगडणार आहे.

ठोकळ्याच्या छिद्रांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा सच्छिद्र लेप असतो. अशा अ‍ॅल्युमिनाच्या एका ग्रॅम भुकटीचे पृष्ठफळ शंभर चौरस मीटरांहून अधिक भरते; म्हणजे हातात मावणाऱ्या ठोकळ्यात एक प्रशस्त क्रीडांगण घडी घालून ठेवलेले असते. त्या क्रीडांगणावर प्लॅटिनम, पॅलेडियम व र्‍होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. तिन्ही मिळून त्यांचे वजन थोडे ग्रॅमच. परंतु परिवर्तकाची किंमत वाढते ती त्यांच्यामुळे. २०२१ मध्ये एक औंस र्‍होडियमसाठी वीस हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागत होते. रात्रीच्या वेळी उभ्या मोटारीखाली शिरून परिवर्तक करवतीने कापून नेणाऱ्या चोरांचा सुळसुळाट त्या सुमारास अमेरिकेत व इंग्लंडात झाला, तो याच कारणाने.

भारतातील आगमन

भारतात परिवर्तक सक्तीचा झाला तो टप्प्याटप्प्याने. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नोंदविल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना तो बसविणे आवश्यक ठरले, आणि त्याच शहरांत शिसेरहित पेट्रोलही मिळू लागले. सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या प्रदूषणाच्या खटल्यांचा त्यामागे मोठा रेटा होता. परंतु गाडी काही एका शहराला बांधलेली नसते. मुंबईत घेतलेली गाडी सुटीत घाट उतरून दूरच्या गावी गेली आणि तेथे तिच्यात शिसेयुक्त पेट्रोल पडले, तर परिवर्तकाला विषबाधा व्हावयाचीच. देशभर शिसेरहित पेट्रोल आले ते १ फेब्रुवारी २००० रोजी. मधली पाच वर्षे हा अर्धवटपणा चालला. एक उपाय अर्ध्यावर लागू केला की दुसरा उपायही त्यामुळे कसा व्यर्थ जातो, याचे हे उदाहरण धोरण आखणाऱ्यांनी विसरू नये असे आहे. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ मध्ये थांबली. परिवर्तक जगावा म्हणून शिसे काढले गेले, आणि त्यापासून मोठा लाभ झाला तो मुलांच्या मेंदूला. कारण लहान वयात पोटात वा फुप्फुसात गेलेले शिसे बुद्धीच्या वाढीला अपाय करते.

आज परिवर्तकाचे ठोकळे लेपून देणारे कारखाने महाराष्ट्रातच आहेत. रायगड जिल्ह्यातील तळोजे आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ ही त्यांची ठिकाणे. म्हैसूरपासून जवळच, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयावर मोलाचे मूलभूत काम झाले आहे. तेथील के. सी. पाटील यांनी १९८०च्या दशकात धातूंची नायट्रेटे व युरिया यांचे द्रावण तापत्या भट्टीत ठेवून काही मिनिटांत सूक्ष्म ऑक्साइडे मिळविण्याची सुटसुटीत रीत बसविली. त्याच संस्थेतील एम. एस. हेगडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रीतीने सिरियम ऑक्साइडाच्या स्फटिकातच पॅलेडियम वा प्लॅटिनमचे आयन बसविले. मौल्यवान धातू कणांच्या रूपाने वरवर विखुरण्याऐवजी एकेक अणू स्फटिकाच्या चौकटीत बसला, तर थोड्या धातूत अधिक काम व्हावे, अशी त्यामागची कल्पना होती. पोळ्यासारख्या सिरॅमिकवर असा लेप चढवून त्यांनी धुरातील वायूंवर त्याची परीक्षाही घेतली.

दिवा काय सांगतो

आता चामराजपुरमच्या अंगणात परत येऊ. 'पी ०४२०' याचा अर्थ 'परिवर्तक मेला' असा नाही. परिवर्तकाची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेल्याचा संशय संगणकाला आला आहे, इतकाच त्याचा अर्थ. हा संशय येतो कसा, हे पाहणे मनोरंजक आहे. धुराच्या नळीत संवेदक दोन असतात. एक परिवर्तकाच्या आधी, दुसरा नंतर. सामान्य प्रकारच्या पहिल्या संवेदकाचा विद्युत्-दाब ०.१ व ०.९ व्होल्ट यांच्यामध्ये सारखा वर-खाली होत असतो, कारण मिश्रण सारखे झुलत असते. परिवर्तक धडधाकट असेल, तर त्याच्यातील कणगी ही झुलणी पोटात घेते आणि दुसऱ्या संवेदकाची सुई जवळजवळ स्थिर राहते. कणगी रिकामी पडली, म्हणजे सिरियमची साठवणशक्ती संपली, की दुसरा संवेदक पहिल्याची नक्कल करू लागतो. संगणक ही नक्कल ओळखतो आणि दिवा लावतो.

पण हीच नक्कल इतर कारणांनीही दिसू शकते. संवेदकाच्या आसपास नळीला भेग पडून बाहेरची हवा आत शिरली, किंवा संवेदक स्वतःच बिघडला, तर आरोप परिवर्तकावर येतो. म्हणून जाणता कारागीर आधी थंड एंजिन चालू करून सांधे तपासतो. धुराची टक्-टक् कोठून येते ते ऐकतो. दोन्ही संवेदकांचे आलेख वाचनयंत्रावर पाहतो. परिवर्तकाच्या डब्यावर लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोकले असता आत खडखड वाजले, तर गाभा फुटला आहे. चढावर गाडीची ताकद जात असेल, तर छिद्रे बुजली असण्याचा संभव आहे. या दोन गोष्टींना सहसा दुसरा इलाज नसतो.

आणि परिवर्तक खरोखरच गेला असेल, तर तो कशाने गेला हा पुढचा प्रश्न येतो. घरी दुरुस्ती करणारे बहुधा येथेच चुकतात. चांगला परिवर्तक गाडीच्या आयुष्याएवढा टिकावा अशा बेताने बनविलेला असतो. तो आपण होऊन मरत नाही, त्याला कोणी तरी मारते. एखाद्या सिलिंडरात ठिणगी नीट पडत नसेल, तर न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन तेथे पेटते. तापमान हजार अंशांपलीकडे जाऊन सिरॅमिक वितळते, आणि अ‍ॅल्युमिनाचे क्रीडांगण आक्रसून जाते. दट्ट्याच्या कड्या झिजून एंजिन तेल खात असेल, तर तेलातील फॉस्फरस लेपावर साचतो. थंडाव्याचे पाणी सिलिंडरात झिरपत असेल, तर त्यात घातलेल्या रसायनांचाही परिणाम तोच. मूळ दोष तसाच ठेवून नवा परिवर्तक बसविणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे होय. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, तेलाचा खप, पाण्याची पातळी या गोष्टी आधी पाहाव्यात. त्यांना पैसे थोडे लागतात, आणि कित्येकदा दिवा तेवढ्यानेच विझतो.

पाना हाती घेतल्यावर

परिवर्तक कोठे बसविलेला आहे, हे प्रथम पाहावे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तो एंजिनाला लगटूनच असतो, कारण सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्याखेरीज उत्प्रेरक कामाला लागत नाही, आणि एंजिनाजवळ तो लवकर तापतो. अशा गाडीत उष्णता अडविणारे पत्रे काढून, अडचणीच्या जागेत हात घालून काम करावे लागते. नवशिक्याने ते अंगावर घेऊ नये. गाडीच्या पोटाखाली, दोन चकत्यांमध्ये बोल्टांनी आवळलेला परिवर्तक असेल, तर मात्र घरच्या अंगणात काम होऊ शकते. वितळजोड केलेला असेल, तर ते काम वेल्डिंगवाल्याचे.

गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर काही तास तिला हात लावू नये. चालत्या गाडीत परिवर्तक कित्येक शे अंश तापलेला असतो. वाळलेल्या गवतावर वा पाचोळ्यावर गाडी उभी केल्याने आगी लागल्याची उदाहरणे आहेत. आंब्याखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीखालचा पाला आधी झाडून काढावा हे बरे.

जमीन सपाट व टणक हवी. फरशीवर काम करावे, मातीवर नव्हे. हातब्रेक ओढून, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून, जी चाके जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी. जॅकने गाडी उचलावी, आणि निर्मात्याने दाखवून दिलेल्या जागी लोखंडी स्टँड देऊन गाडीचा भार त्यांच्यावर उतरवावा. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, एका क्षणासाठीही शिरू नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नव्हे. त्याच्या आतील तेलाचे एक वायसर गेले की हजार किलोचा भार खाली येण्यास काही वेळ लागत नाही. विटांचा चौथरा स्टँडऐवजी चालतो, असा समज काही ठिकाणी आहे. वीट दाब सोसते, पण तडकते ती सूचना न देता. स्टँड दिल्यावर गाडी खांद्याने हलवून पाहावी. ती डगमगली, तर पुन्हा पहिल्यापासून बसवावी. घरात दुसरे कोणी तरी जागे व हाकेच्या अंतरावर असावे.

यानंतर शत्रू एकच उरतो, तो गंज. धुराच्या नळीचे बोल्ट तापतात, भिजतात, पुन्हा तापतात. वर्षानुवर्षे हे चालल्यावर नट आणि बोल्ट एकजीव होतात. त्यांच्यावर गंज सोडविणारे तेल आदल्या रात्रीच सोडून ठेवावे. सकाळी पाना लावल्यावर एकदम जोर करू नये. थोडे सैल करावे, थोडे उलट आवळावे, पुन्हा सैल करावे, म्हणजे गंजाची भुकटी आटे खात नाही. ज्योतीने नट तापविण्याची युक्ती कारागीर वापरतात खरी, पण पेट्रोलची नळी त्याच पोटाखालून जात असते. घरी ही युक्ती करू नये. बोल्ट तुटलाच, तर तो बाहेर काढण्यासाठी कारागिराची मदत घेण्यात कमीपणा नाही.

बॅटरीची ऋण तार काढून संवेदकांची जोडणी सोडवावी. संवेदक काढण्यासाठी बाजूला खाच असलेला २२ मिलिमीटरचा खास पाना मिळतो. त्या खाचेतून तार बाहेर राहते आणि पिळली जात नाही. संवेदक चांगला असेल, तर तो नव्या परिवर्तकात पुन्हा बसविता येतो. त्याच्या आट्यांना चिकटू नये म्हणून लावावयाचा लेप थोडा लावावा, टोकाला मात्र त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. सांध्यातून धूर गळू नये म्हणून सामान्य सिलिकोनचा लगदा भरण्याचा मोह होतो. सिलिकॉनची वाफ संवेदकाला विषासमान असते, म्हणून तोही टाळावा.

नळी ज्या रबरी कड्यांनी टांगलेली असते, त्यांना साबणाचे पाणी लावले की त्या सहज निसटतात. जुना परिवर्तक उतरविताना त्याचे वजन अचानक छातीवर येते. खाली दुसरा जॅक किंवा लाकडाचा ठोकळा ठेवून मगच शेवटचा बोल्ट काढावा. गंजाचे कण डोळ्यांत पडतात, म्हणून चष्मा हवाच. नव्या परिवर्तकाच्या अंगावर धुराच्या प्रवाहाची दिशा दाखविणारा बाण असतो. तो गाडीच्या मागील बाजूकडे असावा. दोन्ही सांध्यांचे पॅकिंग नवेच वापरावे. जुने पॅकिंग ज्या आकारात दबलेले असते, त्या आकारात ते पुन्हा बसत नाही. सगळे नट आधी हातानेच लावून घ्यावेत, नळी सरळ रेषेत येईपर्यंत हलवावी, आणि मग समोरासमोरचे नट आळीपाळीने, पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत. एक नट पुरता आवळून दुसऱ्याकडे वळले, की चकती वाकडी बसते आणि सांधा गळतो. हे सारे होईपर्यंत नवा परिवर्तक हाताळावयाचा तो काचेच्या भांड्याप्रमाणे. पोलादी डब्याच्या आत बसलेला गाभा शेवटी सिरॅमिकच आहे.

गाडी सुरू करावयाची ती उघड्यावरच. दारे लावलेल्या गॅरेजात कदापि नाही. पहिल्या काही मिनिटांत नव्या परिवर्तकातून करपट वास व थोडा धूर येतो, त्याने घाबरू नये. ठोकळ्याभोवतीच्या आवरणातील चिकटद्रव्य त्या वेळी जळून जात असते. तो वास टिकून राहिला, तर मात्र सांधे पुन्हा पाहावेत. वाचनयंत्राने संगणकातील नोंद पुसली तरी काम संपले असे होत नाही. संगणक आपली परीक्षा पुन्हा, अनेक फेऱ्यांतून, थंड व गरम अशा वेगवेगळ्या स्थितींत घेतो. चामराजपुरमच्या गल्लीत दोन चकरा मारून त्याचे समाधान होत नाही. नंजनगूडच्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने बराच वेळ गाडी चालवावी लागते.

रिकाम्या डबड्याची गोष्ट

मिस्त्रीने सुचविलेल्या दुसऱ्या उपायाकडे आता वळावे. गाभा फोडलेल्या गाडीत धुराला अडथळा कमी होतो, हे खरे. तुंबलेला परिवर्तक काढल्यावर गाडी हलकी वाटते, हेही खरे. पण त्याचे श्रेय गाभा काढण्याला नसून तुंबलेपण जाण्याला असते. नव्या परिवर्तकानेही तोच फरक पडला असता. दुसऱ्या संवेदकाला फसविण्यासाठी त्याच्याखाली एक लांब नळकांडे बसवून देणारेही भेटतात, आणि मग दिवा विझतो. धूर मात्र फसत नाही. भारत स्टेज ४ प्रकारच्या पेट्रोल मोटारींत, एंजिन मंद चालत असता, धुरातील कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत असावा असा नियम आहे. गाभा गेलेल्या गाडीला हा उंबरठा ओलांडू न देणे कठीण जाते. आणि प्रमाणपत्र कोठून तरी मिळविलेच, तरी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरबदल करण्याची मालकाला मुभा नाही. धुराची नळी असते ती पदपथावर चालणाऱ्या शाळकरी मुलाच्या तोंडाच्या उंचीपासून फार खाली नव्हे. मोटारीत बसलेल्याला तिचा वास क्वचितच येतो.

फोडलेल्या गाभ्याच्या धुळीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. तिच्यात सिरॅमिकची बारीक भुकटी असते, आवरणाचे तंतू असतात आणि वर्षानुवर्षांची काजळी असते. उघड्या तोंडाने, सळईने ठोकत बसणाऱ्या कारागिराच्या छातीत ती जाते. शिवाय त्याच धुळीबरोबर प्लॅटिनम व र्‍होडियमही गटारात जाते.

म्हणून जुना परिवर्तक न फोडता, तसाच अखंड, गोणपाटात गुंडाळून ठेवावा. गॅरेजात काम करून घेतले असेल, तर तो परत मागून घ्यावा. त्याची मोडीची किंमत चांगली येते आणि कित्येक मालकांना ती ठाऊकच नसते. अधिकृत भंगार-खरेदीदाराकडून तो धातू गाळणाऱ्या कारखान्यात जातो. तेथे पोलादी डबा कापून गाभा बाहेर काढतात, दळतात, आणि उच्च तापमानाच्या भट्टीत दुसऱ्या एका धातूबरोबर वितळवितात. सिरॅमिकचा मळ वर तरंगतो. प्लॅटिनम, पॅलेडियम व र्‍होडियम त्या वितळलेल्या धातूत उतरतात. पुढे आम्लांच्या साहाय्याने तिघांना एकमेकांपासून वेगळे करतात. दक्षिण आफ्रिकेच्या खोल खाणींतून टनभर खडक फोडून या गटाचे जेवढे धातू मिळतात, त्याच्या कित्येक पट एक टन जुन्या गाभ्यांतून मिळतात. आणि शुद्ध झालेला धातू पुन्हा एखाद्या नव्या ठोकळ्याच्या लेपात जाऊन बसतो.